धागा: मूल बाल कल्याण समितीसमोर गेलंय. पालकांना आणि मुलाला नेमकी मदत कशी करायची?

उंबरठा

मूल स्टेशनवर एकटं सापडलं, कामाच्या ठिकाणाहून सोडवलं, शेजाऱ्यांनी १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवर फोन केला, शाळेतल्या बाईंना अंगावरचे वळ दिसले. कारण कुठलंही असो, मुलाला बाल कल्याण समितीपुढे हजर केलं जातं आणि घरात एकच कल्लोळ उठतो. आईवडील बालगृहाच्या गेटवर जाऊन बसतात, अधीक्षकांच्या पाया पडतात, ओळखीच्या पुढाऱ्याला फोन लावतात. या सगळ्यात जे दिवस जातात ते परत मिळत नाहीत. म्हणून हा धागा. कार्यकर्ते, शिक्षक, अंगणवाडी ताई, नातेवाईक, अशा कुटुंबासोबत उभ्या राहणाऱ्या कोणालाही उपयोगी पडेल असं लिहूया.

पहिली विनंती: इथे कोणत्याही मुलाचं नाव, गाव, शाळा किंवा संस्था लिहू नका. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे मुलाची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आईने रडत रडत केलेला व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवणंसुद्धा यात येऊ शकतं. त्याने मूल लवकर घरी येत नाही, उलट फाइलमध्ये आणखी एक प्रतिकूल कागद लागतो.

आता चौकट. बाल कल्याण समिती म्हणजे काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांबद्दल निर्णय घेणारी जिल्ह्यातली समिती. मुलाला २४ तासांच्या आत समितीपुढे हजर करायचं असतं, प्रवासाचा वेळ वगळून. समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य. समितीला प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत, पण तिचं काम कोणाला शिक्षा करणं नाही. त्या दिवशी समितीची बैठक नसेल तर एकट्या सदस्यापुढेही हजर करता येतं. मग सामाजिक तपासणीचा आदेश होतो. ती १५ दिवसांत पूर्ण व्हावी आणि पहिल्या हजेरीपासून चार महिन्यांत अंतिम आदेश व्हावा, असं कलम ३६ सांगतं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, मूल सोडायचं की नाही हे बालगृह ठरवत नाही. अधीक्षक इच्छा असूनही समितीच्या लेखी आदेशाशिवाय मूल देऊ शकत नाहीत. त्यामुळे गेटवर घालवलेला प्रत्येक तास चुकीच्या दारात जातो. अर्ज समितीकडे, आणि तोही लेखी.

बारनिशी

उत्तम धागा. लेखी म्हणजे काय ते सविस्तर सांगतो, कारण इथेच गाडी अडते.

पालक समितीपुढे जातात, सगळं तोंडी सांगतात, सदस्य ऐकून घेतात, ‘पुढच्या तारखेला या’ म्हणतात. घरी येऊन विचारलं तर हातात एक कागदही नसतो. पुढच्या तारखेला बसलेला सदस्य वेगळा असला की पुन्हा श्रीगणेशा. म्हणून पहिल्याच भेटीत साध्या कोऱ्या कागदावर अर्ज द्यावा. दोन प्रती. एक कार्यालयात द्यायची, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख, सही आणि शिक्का घ्यायचा. ही पोच जपून ठेवायची. नमुना असा:

‘मा. अध्यक्ष व सदस्य, बाल कल्याण समिती, जिल्हा ______ यांस.
विषय: बालकास पालकांच्या स्वाधीन करणेबाबत व तोपर्यंत भेटीची परवानगी मिळणेबाबत.
महोदय/महोदया, माझे अपत्य, वय __ वर्षे, यास दि. ______ रोजी आपल्यासमोर हजर करण्यात आले असून ते सध्या आपल्या आदेशाने संस्थेत आहे. मी त्याची आई/वडील आहे. नात्याचा व राहण्याचा पुरावा सोबत जोडला आहे. विनंती की, (१) सामाजिक तपासणीचा आदेश कोणत्या अधिकाऱ्याकडे दिला आहे ते कळावे, (२) तपासणी होईपर्यंत आठवड्यातून किमान एकदा भेटीची व फोनवर बोलण्याची लेखी परवानगी मिळावी, (३) बालकास अन्य संस्थेत किंवा जिल्ह्यात हलविण्यापूर्वी मला कळवावे, (४) माझे म्हणणे ऐकून बालकास माझ्या स्वाधीन करावे. संपर्क क्रमांक: स्वतःचा ______, दुसरा ______.’

चार मागण्या, चार ओळी. ‘मी फार गरीब आहे, दया करा’ असं दोन पानं लिहिण्यापेक्षा याचं वजन जास्त. दुसरा फोन क्रमांक आवर्जून द्या. पालकांचं रिचार्ज संपतं, नंबर बदलतो, तपासणी अधिकाऱ्याला फोन लागत नाही आणि अहवालात ‘पालकांशी संपर्क होऊ शकला नाही’ असं एक वाक्य येतं. ते एक वाक्य पुसायला महिना लागतो.

सोबत जोडायचे कागद: मुलाचा जन्मदाखला, तो नसेल तर शाळेचा बोनाफाइड. पालकांचं आधार, रेशनकार्ड, भाडेकरार किंवा वीजबिल, कुटुंबाचा मुलासोबतचा जुना फोटो. हरवल्याची तक्रार दिली असेल तर तिची प्रत. मूळ कागद फक्त दाखवायचे, हातातून सोडायचे नाहीत.

पायवाट

दोन प्रश्न. भाडेकरार नसलेली, पालावर किंवा वीटभट्टीवर राहणारी कुटुंबं काय करतील? आणि अर्ज लिहायला वकील लागतो का?

बारनिशी

वकील सक्तीचा नाही. पण प्रकरण गुंतागुंतीचं असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील मागता येतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच त्यांचं कार्यालय असतं, हेल्पलाइन १५१००. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या आणि अपंग व्यक्तींना उत्पन्नाची अट नाही. म्हणून अर्ज शक्यतो आईच्या नावे करा. मुलासाठी स्वतंत्र वकीलही मागता येतो. आईवडील आणि मूल यांचं हित वेगवेगळं असू शकतं अशा प्रकरणात तो जरूर मागा.

राहण्याचा पुरावा नसेल तर ग्रामपंचायतीचा किंवा नगरसेवकाचा दाखला, भट्टीमालकाचं किंवा मुकादमाचं पत्र, अंगणवाडीच्या नोंदवहीतला उतारा, लसीकरणाचं कार्ड. यातलं शेवटचं फार दुर्लक्षित आहे. लसीकरण कार्डावर आईचं नाव, मुलाची जन्मतारीख आणि गाव तिन्ही असतं, आणि ते ‘आईने मुलाकडे लक्ष दिलं’ हेही सांगतं.

कुटुंब दुसऱ्या जिल्ह्यातलं किंवा राज्यातलं असेल तर बाल न्याय अधिनियमाच्या कलम ९५ खाली मुलाला तिकडच्या समितीकडे पाठवता येतं. अर्जात मूळ गावचा पत्ता, तालुका, पोलीस ठाणं नीट लिहा, म्हणजे तपासणी तिकडच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षामार्फत होते. चुकीचं पोलीस ठाणं लिहिलं की पत्र फिरत राहतं.

तळटीप

सामाजिक तपासणीबद्दल लिहिते, कारण निकालाचा पाया तोच.

परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर), समाजकार्यकर्ता किंवा बाल कल्याण पोलीस अधिकारी घरी येतो. अहवाल ठरावीक नमुन्यात असतो, केंद्राच्या आदर्श नियमांत तो नमुना २२. त्यात घरातली माणसं, त्यांचं वय-शिक्षण-कमाई, घराची अवस्था, आईवडिलांचे आपसातले आणि मुलाशी संबंध, मुलाच्या सवयी, शाळा, आजारपण, आधी काही छळ झाला का, मूल घराबाहेर का पडलं, असे रकाने असतात. शेवटी शिफारस.

पालकांना वाटतं घर चकचकीत दाखवायचं. तसं नाही. गरिबी हे एकट्याने मूल दूर ठेवण्याचं कारण होऊ शकत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यायी संगोपनाच्या मार्गदर्शक तत्त्वांत हे स्पष्ट म्हटलं आहे आणि आपल्या कायद्याच्या कलम ३ मध्ये संस्था हा शेवटचा पर्याय, पहिली जबाबदारी कुटुंबाची, ही तत्त्वं आहेत. अधिकाऱ्याला बघायचं असतं ते हे: ज्या कारणाने मूल इथवर आलं ते कारण आता कसं मिटणार?

म्हणून पालकांसोबत बसून मुलाच्या दिवसाचा तक्ता करा. खरोखर कागदावर. सकाळी ६ ते ७ कोण उठवतं. शाळेत कोण सोडतं. शाळा १२ ला सुटते आणि आई ६ ला घरी येते, तर मधले सहा तास मूल कुठे? शेजारच्या मावशींकडे असेल तर त्यांचं नाव, फोन, आणि त्यांची तयारी असल्याचं दोन ओळींचं पत्र. रात्री मूल कुठे, कोणाजवळ झोपतं. ‘आमचं पोर आहे, आम्ही बघू’ या वाक्यावर शिफारस लिहिता येत नाही. ‘१२ ते ६ मूल अमुक ठिकाणी राहील’ यावर लिहिता येते.

आणि खोटं बोलू नका. वडील पितात हे शेजाऱ्याने अधिकाऱ्याला आधीच सांगितलेलं असतं. आईने ‘कधीच नाही’ म्हटलं की तिच्या बाकीच्या खऱ्या बोलण्यावरचा विश्वासही उडतो. ‘पितात, १० तारखेपासून व्यसनमुक्ती केंद्रात जातात, हे केसपेपर’ असं म्हटलं तर तीच गोष्ट सुधारणेची खूण ठरते.

पायवाट

अहवालात चुकीचं लिहिलं असेल तर पालकांना तो बघायला मिळतो का? कार्यालयात ‘गोपनीय आहे’ एवढंच सांगतात.

तळटीप

गोपनीय आहे, बरोबर. पण कलम ९९ पुढे वाचा. समिती योग्य वाटल्यास अहवालाचा आशय मुलाला किंवा पालकांना सांगू शकते आणि त्यावर पुरावा देण्याची संधी देऊ शकते. त्यामुळे ‘अहवालाची प्रत द्या’ असा अर्ज करण्याऐवजी ‘कलम ९९ प्रमाणे अहवालाचा आशय कळवून त्यावर म्हणणे मांडण्याची संधी द्यावी’ असा करा. पहिला फेटाळला जातो, दुसऱ्यावर विचार करावा लागतो. आदेशाची प्रमाणित प्रत मात्र मागायचीच, कारण अपिलाला ती लागते.

कवडसा

आतापर्यंत सगळं पालकांच्या बाजूने आलं. मुलाच्या बाजूने थोडं सविस्तर लिहिते.

बालगृहात पहिल्या रात्री मुलाच्या मनात जवळजवळ नेहमी एकच प्रश्न असतो: ‘माझ्यामुळे झालं का?’ जे मूल बाईंना वळ दाखवतं किंवा १०९८ ला फोन करतं, त्याला तर खात्रीच असते. म्हणून भेटीत पालकांचं पहिलं वाक्य काय असावं हे आधी बसवून घ्या: ‘तुझी काही चूक नाही. तू कुठे आहेस ते आम्हाला माहीत आहे. आम्ही समितीकडे अर्ज दिला आहे.’ एवढंच. ‘तू का बोललास?’ हा प्रश्न चुकूनही नाही. ‘समितीपुढे असं असं सांग’ तर अजिबातच नाही. पढवलेलं मूल दोन प्रश्नांत उघडं पडतं, आणि मग त्याचं खरं म्हणणंही शिकवलेलं मानलं जातं. मुलाचं म्हणणं ऐकलं जाणं हा त्याचा हक्क आहे, कायद्यात सहभागाचं तत्त्व म्हणून ते आहे. तो हक्क आपल्याच माणसांनी हिरावून घेऊ नये.

तारखेचं आश्वासन देऊ नका. ‘सोमवारी घरी नेते’ म्हटलं आणि सोमवारी समितीचा कोरम (बैठकीला लागणारी किमान सदस्यसंख्या) भरला नाही, तर मुलाच्या लेखी आई खोटी ठरली. त्याऐवजी जे आपल्या हातात आहे तेच सांगा: ‘पुढच्या भेटीच्या दिवशी मी येणार.’ आणि मग त्या दिवशी काही झालं तरी जा. न चुकता केलेल्या दहा साध्या भेटी एका मोठ्या खाऊच्या पिशवीपेक्षा जास्त काम करतात, आणि त्या संस्थेच्या भेट नोंदवहीत उतरतात. ती नोंदवही समिती बघते. प्रत्येक वेळी नाव, वेळ, सही स्वतः करा.

भेट संपताना मूल रडतं, चिकटतं, किंवा उलट तोंड फिरवून बसतं, आईकडे बघतही नाही. दोन्ही साहजिक आहे. तोंड फिरवणाऱ्या मुलाच्या आईला जास्त लागतं, ती म्हणते, ‘विसरला मला.’ विसरलेलं नसतं. जाणारच आहे तिच्याकडे बघून काय करायचं, असा त्याचा हिशेब असतो. निघण्याच्या पाच मिनिटं आधी सांगा, एक ठरलेली निरोपाची कृती ठेवा (टाळी, कपाळाला कपाळ, काहीही), आणि गुपचूप निसटू नका.

घरची एखादी वस्तू द्यायला परवानगी घ्या: आईची ओढणी, उशीचा अभ्रा, भावाचा फोटो. अभ्रा धुऊन नेऊ नका, घरचा वास राहू दे. लहान मुलांना झोपताना याचा फार आधार होतो.

भावंडं असतील तर एकाच संस्थेत ठेवण्याचा किंवा ते शक्य नसेल तर त्यांच्या आपसातल्या भेटीचा वेगळा अर्ज द्या. वय आणि लिंगाप्रमाणे संस्था वेगळ्या असल्याने हे आपोआप होत नाही. आणि मूल औषधावर असेल (फिट्स, दमा, थॅलेसेमिया), तर त्याच दिवशी प्रिस्क्रिप्शन आणि शिल्लक औषध संस्थेत पोचवा, डोस आणि वेळ कागदावर लिहून. इथे तास मोजावे लागतात, दिवस नाही.

बारनिशी

कवडसा यांच्या भेटीच्या मुद्द्याला जोडून: वैयक्तिक संगोपन आराखडा, नमुना ७, प्रत्येक मुलाचा बनवायचा असतो. शाळा, आरोग्य, समुपदेशन, घरी परतण्याची योजना त्यात असते. ‘आराखडा झाला का, आमची भूमिका त्यात काय लिहिली आहे?’ असं पालकांनी विचारावं. बहुतेक कोणी विचारत नाही. समितीने संस्थांना महिन्यातून किमान दोन भेटी द्यायच्या असतात. संस्थेतल्या वागणुकीबद्दल तक्रार असेल तर त्या भेटींच्या आधी लेखी देऊन ठेवावी.

सावली२

घरात मारहाण असेल तर? बऱ्याचदा आई म्हणते की मला मूल हवंय पण नवरा घर सोडत नाही, आणि समिती म्हणते की तो घरात आहे तोवर मूल देता येणार नाही.

तळटीप

इथे दोन कायदे एकत्र वापरायला हवेत. घर मुलाने सोडायचं की मारणाऱ्याने, हा खरा प्रश्न आहे. कौटुंबिक हिंसाचार अधिनियम २००५ च्या कलम १९ खाली न्यायदंडाधिकारी मारहाण करणाऱ्या पुरुषाला घराबाहेर राहण्याचा आदेश देऊ शकतात, कलम २१ खाली मुलाचा तात्पुरता ताबा आईला देऊ शकतात. अर्ज संरक्षण अधिकाऱ्यामार्फत करता येतो. महिला हेल्पलाइन १८१ किंवा जिल्ह्यातलं सखी वन स्टॉप सेंटर यांची गाठ घालून देतं. तो आदेश मिळाला, किंवा आई माहेरी राहायला गेली आणि तिथल्या माणसांचं संमतीपत्र आलं, की ते समितीपुढे ठेवायचं. ‘परिस्थिती बदलली आहे, म्हणून फेरविचार व्हावा’ असा अर्ज सोबत.

आईबापांपैकी कोणीच सध्या सांभाळू शकत नसेल तर आजी, मावशी, काका यांना ‘योग्य व्यक्ती’ म्हणून मान्यता देऊन मूल त्यांच्याकडे देता येतं. हा पर्याय कुटुंबांना माहीतच नसतो. नातेवाइकाने स्वतः हजर राहून अर्ज, ओळखपत्र आणि घरातल्या इतरांची संमती द्यायची. मूल बालगृहाऐवजी आजीच्या घरी थांबलं तर शाळाही सुटत नाही.

एक लक्षात ठेवा, नवरा-बायकोच्या घटस्फोटातला ताबा हा कुटुंब न्यायालयाचा विषय. एकमेकांवर कुरघोडी करायला समितीकडे खोट्या तक्रारी नेल्या की मुलाला फुकटचे दोन-तीन जबाब द्यावे लागतात.

उंबरठा

समर्पणाबद्दल मला ठळक अक्षरांत लिहायचं आहे. अडचणीतल्या आईला कोणीतरी सांगतं, ‘सही कर, बाळ काही महिने संस्थेत राहील, मग घेऊन जा.’ कागद समर्पणाचा असेल तर तसं होत नाही. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ३५ प्रमाणे समर्पण म्हणजे मूल कायमचं सोडणं. समितीने आधी समुपदेशन करायचं असतं आणि सहीनंतर फेरविचाराला दोन महिने मिळतात. ते उलटले की बाळ दत्तकासाठी मोकळं जाहीर होऊ शकतं. आईला तात्पुरती सोय हवी असेल तर अर्जावर ‘तात्पुरता निवारा’ आणि कालावधी लिहिलेला हवा. सही करण्याआधी कागदाचं शीर्षक मोठ्याने वाचून दाखवा. आणि सही झाली असेल, मन बदललं असेल, तर मुदत संपायची वाट न बघता समितीला लेखी कळवा, पोच घ्या.

पायवाट

लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात हे सगळं असंच चालतं का?

कवडसा

काही गोष्टी वेगळ्या. पोक्सो २०१२ (मुलांचं लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणारा कायदा) प्रमाणे पोलिसांनी समितीला २४ तासांत कळवायचं असतं. आरोपी त्याच घरात राहत असेल, तर मुलाला घरातून हलवायचं का हे समिती तीन दिवसांत ठरवते, आणि ते ठरवताना मुलाची इच्छा, आईची सांभाळण्याची तयारी, वय, आजार, घरातली हिंसा हे बघावं लागतं. म्हणजे त्या तीन दिवसांत आई ‘आरोपीला घरात येऊ देणार नाही, मी मुलाच्या बाजूने आहे’ हे लेखी आणि ठामपणे म्हणाली, तर मूल तिच्याजवळच राहण्याची शक्यता खूप वाढते. ती गप्प राहिली तर नाही.

समिती सपोर्ट पर्सन नेमते. तपासापासून खटल्यापर्यंत मुलासोबत राहणारी ही व्यक्ती, ती मागून घ्या. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेशाशिवाय. वैद्यकीय तपासणी मुलीची असेल तर महिला डॉक्टरकडून, विश्वासातल्या माणसाच्या उपस्थितीत. २०२० च्या नियमांत अन्न, कपडे, प्रवास अशा तातडीच्या गरजांसाठी विशेष मदतीची शिफारस समिती करू शकते आणि ती आठवड्यात मिळायला हवी. शिवाय अत्याचारपीडितांना अर्थसाहाय्य देणाऱ्या राज्याच्या मनोधैर्य योजनेचा अर्ज विधी सेवा प्राधिकरणाकडे.

सावली२

आदेश विरोधात गेला तर ३० दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील, बरोबर ना?

बारनिशी

एक दुरुस्ती. समितीच्या आदेशावर अपील ३० दिवसांत बाल न्यायालयात (बाल न्याय अधिनियम, कलम १०१). प्रतिपालकत्व (मूल काही काळ दुसऱ्या कुटुंबात ठेवणं) आणि प्रायोजकत्व (मुलासाठी दरमहा पैशाची मदत) यांच्या निर्णयांपुरतं ते जिल्हाधिकाऱ्यांकडे. समितीच्या कामकाजाबद्दल तक्रार, म्हणजे बैठकच होत नाही, अर्ज घेत नाहीत, वागणूक वाईट आहे, ती मात्र जिल्हाधिकाऱ्यांकडे. या दोन वाटांची गल्लत झाली की अपिलाची मुदत तक्रारीच्या उत्तराची वाट बघण्यात संपते. उशिराला सबळ कारण असेल तर न्यायालय अपील दाखल करून घेऊ शकतं, पण त्यावर विसंबू नका. प्रमाणित प्रतीचा अर्ज आदेशाच्याच दिवशी द्या.

पायवाट

पैशाच्या मदतीचं कोणी सांगेल का? कित्येक मुलं फीपायी आणि पोटापायीच संस्थेत जातात.

तळटीप

दोन मुख्य वाटा. केंद्राच्या मिशन वात्सल्यमधलं प्रायोजकत्व: मुलामागे महिना ४,००० रुपये. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ७२,००० आणि शहरी भागात ९६,०००. विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता आईची मुलं, नातेवाइकांकडे राहणारी अनाथ मुलं, गंभीर आजारी किंवा असमर्थ पालकांची मुलं यांना प्राधान्य. दुसरी महाराष्ट्राची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना, मुलामागे महिना २,२५० रुपये. दोन्हींसाठी जिल्हा महिला व बालविकास कार्यालय किंवा बाल संरक्षण कक्ष.

अर्ज अडतात ते तहसीलदाराचा उत्पन्न दाखला जुना असणं, मुलाच्या बँक खात्याला आधार जोडलेलं नसणं आणि शाळेच्या दाखल्यावरचं नाव आधारशी न जुळणं या तीन गोष्टींवर. नावातला एका अक्षराचा फरक आधी दुरुस्त करून घ्या. मूल घरी सोपवण्याच्या सुनावणीतच प्रायोजकत्वाचा अर्ज पुढे केला तर समिती एकाच आदेशात दोन्ही घेऊ शकते. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ३७ मध्ये दोन्ही आदेश आहेत.

कवडसा

आणि शेवटी घरी परतल्यानंतरचं. इथे मदत करणारे सगळे निघून जातात, आणि खरी परीक्षा तेव्हाच असते.

पहिले दोन-चार दिवस मूल अतिशय शहाण्यासारखं वागतं. मग एकदम बिनसतं. अंथरूण ओलं करणं, पोळी उशीखाली लपवणं, आई नजरेआड झाली की किंचाळणं, मोठ्या मुलांत उलट उत्तरं, शिव्या. पालक म्हणतात, ‘बालगृहाने बिघडवलं.’ प्रत्यक्षात मूल चाचपून बघतंय: मी कसाही वागलो तरी हे मला ठेवतील का? पोळी लपवणाऱ्याला रागावू नका. एका डब्यात त्याचा खाऊ ठेवा, तो कधीही उघडायची मुभा द्या, काही आठवड्यांत लपवणं थांबतं. ‘पुन्हा तिकडे पाठवीन’ ही धमकी घरातल्या कोणीही, आजीनेसुद्धा, द्यायची नाही.

देखरेखीचा आदेश असेल तर अधिकारी घरी येत राहणार. पालकांवर फार ताण असेल, झोप उडाली असेल, तर टेली मानस १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो. रागाचा झटका आला की मुलाला शेजारी सोडून स्वतः दहा मिनिटं बाहेर पडायचं, कोणाकडे ते आधीच ठरवून ठेवा.

सावली२

स्वाधीन करण्याच्या दिवशी काय काय घेऊन यायचं?

बारनिशी

मूळ ओळखपत्रं, दोन फोटो, हमीपत्रासाठी स्वतः हजर असलेले पालक. हमीपत्र वाचून सही करा. त्यात शाळेत पाठवणं, बोलावल्यावर हजर राहणं अशा अटी असतात. कोऱ्या जागा असतील तर भरल्याशिवाय सही नाही.

संस्थेतून निघताना आदेशाची प्रत, आरोग्य तपासणीचे कागद, चालू औषधं, तिथे शाळेत गेलं असेल तर तिथला दाखला. आणि दाखल होताना मुलाजवळ काय होतं याची नोंद संस्थेत असते. पैंजण, दप्तर, पाच-पन्नास रुपये, जे असेल ते नोंदीशी ताडून मुलाच्याच हातात द्यायला सांगा.